रुग्णालय प्रशासनाची पदविका: कोणी करावी, कुठली करावी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या उपनगरात पन्नास-शंभर खाटांचं खासगी रुग्णालय पाहा. रात्रपाळीला वॉर्ड सांभाळणारा आरएमओ बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला असतो. मजल्याच्या इन्चार्ज सिस्टर जीएनएम करून पंधरा-वीस वर्षं तिथेच असतात. बिलिंगला बसलेला मुलगा बी.कॉम. असतो आणि टीपीए म्हणजे विमा-दाव्यांच्या डेस्कवरच्या मुलीला प्रत्येक विमा कंपनीच्या पोर्टलची खडान्‌खडा माहिती असते. पस्तिशीच्या आसपास या चौघांनाही एकच प्रश्न पडतो. इथून पुढे काय? पगार एका आकड्यावर अडकलेला असतो, पुन्हा कॉलेजात जाऊन तीन वर्षं बसणं संसारामुळे शक्य नसतं, आणि वरच्या जागेच्या जाहिरातीत ‘रुग्णालय प्रशासनातील पदव्युत्तर पात्रता आवश्यक’ अशी ओळ असते. नेमक्या त्याच सुमाराला फोनवर जाहिराती दिसू लागतात: नोकरी सांभाळून सहा महिन्यांत, घरबसल्या, हॉस्पिटल मॅनेजर.

या अभ्यासक्रमांची आज इतकी दाटी झाली आहे, की निवड करणाऱ्याची दमछाक होते. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रुग्णालय प्रशासनाचं छोटं प्रमाणपत्र किंवा वर्षभराची पदविका रुग्णालयात आधीपासून काम करणाऱ्या माणसाच्या खऱ्या कामाची असते. त्याच्याजवळ अनुभव असतो, त्या अनुभवाला शिस्त आणि नाव हवं असतं. ज्याने अजून वॉर्ड आतून पाहिलेला नाही, त्याने एवढ्यावर विसंबू नये. त्याच्यासाठी दोन वर्षांची पदवी आणि तिच्यातली इंटर्नशिप हाच धड रस्ता आहे.

ही गरज आली कुठून, हे आधी पाहायला हवं. एके काळी मालक-डॉक्टर, हिशेबाला घरचंच कोणी आणि एक खमकी मेट्रन एवढ्यावर नर्सिंग होम चालत असे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. तेव्हापासून केसपेपरवरच्या प्रत्येक नोंदीला आणि संमतिपत्रावरच्या प्रत्येक सहीला वेगळं वजन आलं. पुढे कॅशलेस विमा आला. ‘नॅशनल ॲक्रेडिटेशन बोर्ड फॉर हॉस्पिटल्स’ म्हणजे एनएबीएचची मानकं आली. २०१६च्या नियमांनी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या वर्गवारीबरोबर बारकोडही आणला. सोनोग्राफी मशीनसाठी पीसीपीएनडीटी कायद्याचं रजिस्टर, एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, लिफ्टचा परवाना, अग्निशमनाचा दाखला, ही सगळी कागदपत्रं वेळेवर नूतनीकरण करून ठेवणं हे आता एकट्या माणसाचं पूर्णवेळ काम आहे.

महाराष्ट्रात याच्या जोडीला इथल्या म्हणून काही गोष्टी आहेत. २०१०चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्‌स कायदा राज्याने स्वीकारला नाही. इथे १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो, आणि २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली आणि आज ती कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. योजनेतल्या रुग्णालयात प्री-ऑथ म्हणजे पूर्वमंजुरी, फोटो, कागद आणि क्लेम यांची साखळी एका जागी तुटली, तरी रुग्णालयाचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात आणि पुढच्या गरीब रुग्णाला ‘योजनेची खाट नाही’ हे उत्तर ऐकावं लागतं. धर्मादाय रुग्णालयांवर आणखी एक जबाबदारी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ४१ अअ हे कलम आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, असा हिशेब ठेवावा लागतो. पुण्या-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयात प्रशासनाची जागा हवी असलेल्याला हे कलम पाठ हवं. दिल्लीहून किंवा परदेशातून शिकवला जाणारा सर्वसाधारण अभ्यासक्रम ते शिकवेलच असं नाही. गोव्याने २०१९ साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्‌सचा स्वतःचा कायदा केला, त्यामुळे तिथली चौकट पुन्हा निराळी.

आता अभ्यासक्रमांकडे वळू. सगळ्यात वरच्या टोकाला डॉक्टरांसाठीचा एमडी आहे. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन हा एमबीबीएसनंतरचा मान्यताप्राप्त तीन वर्षांचा विषय असून दिल्लीच्या एम्समध्ये आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकवला जातो. त्याखाली दोन वर्षांच्या पदव्या: मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची, म्हणजे टिसची एमएचए, पुण्यात सिंबायोसिसची रुग्णालय व्यवस्थापनातली एमबीए, वेलिंगकरची आरोग्य क्षेत्रातली पीजीडीएम, जयपूरच्या आयआयएचएमआरचे अभ्यासक्रम. १९८४ साली सुरू झालेली ही जयपूरची संस्था आता विद्यापीठ आहे. या पदव्या पूर्णवेळ असतात आणि बहुतेक नोकरदारांच्या आवाक्याबाहेर राहतात.

नोकरी करणाऱ्याचा प्रश्न याच्या खालच्या पायरीवर सुरू होतो. टिसने काम करणाऱ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह पदव्युत्तर पदविका चालवली आहे. ऑनलाइन अभ्यास आणि संस्थेत येऊन करायचे संपर्कवर्ग यांची तिच्यात सांगड असते. इग्नू रुग्णालय आणि आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका वर्षानुवर्षं देत आली आहे. ती मुख्यतः वैद्यकीय आणि संबंधित पदवीधरांसाठी असून तुलनेने स्वस्त आहे. दिल्लीची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था हीसुद्धा दूरशिक्षणाने रुग्णालय व्यवस्थापन शिकवत आली आहे. यांच्यापुढे मग खासगी विद्यापीठं, मोठ्या रुग्णालयांचे स्वतःचे अभ्यासक्रम आणि ॲपवरच्या कंपन्या यांचा पसारा सुरू होतो. शुल्क काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातं, आणि शुल्क जास्त म्हणून दर्जा जास्त असा काही नियम नाही.

मान्यतेच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून इथे जरा थांबतो. ‘आयएसओ प्रमाणित’, ‘भारत सरकारकडे नोंदणीकृत’, ‘नीती आयोगाच्या यादीत’ अशी विशेषणं माहितीपत्रकावर दिसली, तर ती शैक्षणिक मान्यता नव्हे हे पक्कं ध्यानात ठेवावं. संस्था किंवा न्यास म्हणून कोणालाही नोंदणी करता येते. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना आणि अभिमत संस्थांना आहे, आणि व्यवस्थापनाची पीजीडीएम देणाऱ्या स्वतंत्र संस्थेला एआयसीटीईची मान्यता लागते. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि त्या सत्राचं नाव आहे का, हे स्वतः तपासावं. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं की त्याचे सगळे ऑनलाइन अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असतात, हा समज चुकीचा आहे. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायला मनाई केली आहे. त्यामुळे गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने जो अभ्यासक्रम केला, तो यंदा त्याच स्वरूपात चालू आहेच असं गृहीत धरू नये. कुठल्या ॲपच्या कंपनीने विद्यापीठाचं नाव पुढे करून प्रवेश दिला असेल, तर फोन कंपनीला न करता विद्यापीठाला करावा. विद्यापीठांना असे अभ्यासक्रम फ्रँचायझीवर देता येत नाहीत, हे यूजीसीने २०२२ साली स्पष्ट केलं आहे.

प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी यांतला फरकही जाहिराती मुद्दाम पुसट करतात. एका वर्षाची पदव्युत्तर पदविका एमबीएच्या तोडीची नसते. ही बाब सरकारी आणि निमसरकारी नोकरीत निर्णायक ठरते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांमध्ये जिल्हा गुणवत्ता समन्वयकासारख्या पदाला वैद्यकीय पदवीबरोबर एमपीएच, एमएचए किंवा आरोग्यातली एमबीए मागितली जाते. तिथे वर्षभराची पदविका जोडून अर्ज केला तर तो छाननीतच बाद होतो. खासगी रुग्णालयात एवढं काटेकोर कोणी पाहत नाही; तिथे अनुभवाला जोडून आलेल्या पदविकेची किंमत होते. तेव्हा आपल्याला ज्या खुर्चीवर बसायचं आहे, त्या खुर्चीच्या पाच-सहा जाहिराती आधी जमवाव्यात, पात्रतेची ओळ वाचावी, आणि मगच माहितीपत्रक उघडावं. हे काम एका रविवारी होतं आणि कितीतरी लोकांचे पैसे वाचवू शकतं.

अभ्यासक्रमाचं खरं वजन मोजायला एक सोपं माप आता हाताशी आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, आणि पूर्ण वर्षाचे ४० क्रेडिट. म्हणजे वर्षभराची खरी पदविका सुमारे १,२०० तासांची झाली. आठवड्याला २३ तास. रात्रपाळी करणाऱ्या आरएमओने किंवा घरी दोन लहान मुलं असलेल्या सिस्टरने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ठरवावं. उलट, साठ तासांचे व्हिडिओ पाहून ‘पदव्युत्तर पदविका’ मिळत असेल तर ती दोन क्रेडिटांची गोष्ट आहे. क्रेडिट आपल्या शैक्षणिक क्रेडिट खात्यात जमा होणार का, आणि पुढे त्याच विद्यापीठात एमबीए किंवा एमएचए करायची झाल्यास ते धरले जाणार का, हे दोन प्रश्न प्रवेशाआधी लेखी विचारावेत. यूजीसीच्या २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षाअखेर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. आधी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन गरज पडली तर एका वर्षावर थांबणं, हा मार्ग अनेकांना सुचतच नाही. ज्याला रजा मिळू शकते, त्याने त्याचा जरूर विचार करावा.

एवढं सगळं तपासल्यावरही दोन मान्यताप्राप्त अभ्यासक्रम समोर उरले, तर निवड कशावर करायची? माझ्या लेखी एकाच गोष्टीवर: प्रकल्प. अभ्यासक्रम तुमच्याकडून एखाद्या खऱ्या रुग्णालयातलं खरं काम मोजून, सुधारून, लिहून घेतो का?

डिस्चार्जचं उदाहरण घ्या. कन्सल्टंट सकाळी दहाच्या राउंडला ‘आज घरी सोडा’ म्हणतात आणि नातेवाईक बॅगा भरून बसतात. पेशंट बाहेर पडतो संध्याकाळी सहाला. मधले आठ तास कुठे जातात? डिस्चार्ज समरी लिहिणारा ज्युनिअर ओपीडीत अडकलेला असतो. उरलेली औषधं फार्मसीत परत जाऊन त्यांची वजावट होईपर्यंत बिल बंद होत नाही. बिल बंद झाल्याशिवाय टीपीएला अंतिम मंजुरीसाठी कागद जात नाहीत. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली बंधन घातलं आहे, की विमा कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा. पण कागदच दुपारी चारला गेले, तर त्या बंधनाचा रुग्णाला काय उपयोग? तिकडे कॅज्युअल्टीत कोणीतरी ट्रॉलीवर पडून खाट रिकामी होण्याची वाट पाहत असतो. ज्या सिस्टरने हे रोज पाहिलं आहे, तिने महिनाभर प्रत्येक टप्प्याची वेळ वहीत लिहिली, समरी आदल्या रात्री तयार ठेवायची पद्धत दोन वॉर्डांत लावून पाहिली आणि पुन्हा वेळ मोजली, तर प्रशासनाचं मर्म तिच्या हाती आलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकातले शब्द तिला तेव्हा अर्थासह कळतात. मुलाखतीत तिच्यासमोर बसलेला संचालक या प्रकल्पाबद्दल अर्धा तास बोलेल. गुणपत्रिकेकडे तो बहुधा पाहणारही नाही.

म्हणून प्रवेशाआधी माजी विद्यार्थ्यांना गाठून विचारावं, की प्रकल्प कुठे केला, मार्गदर्शक रुग्णालयातला होता की नुसता प्राध्यापक, आणि अहवाल कोणी वाचला. इंटरनेटवरून उतरवलेला चाळीस पानांचा मजकूर जिथे खपून जातो, तिथे पैसे घालू नयेत. शिकवणाऱ्यांच्या यादीत एखादा माजी वैद्यकीय अधीक्षक, नर्सिंग सुपरिंटेंडेंट, रुग्णालयाच्या लेखा विभागातला अधिकारी अशी माणसं असावीत. सगळेच एमबीए कॉलेजातले असतील तर हॉटेल आणि हॉस्पिटल यांतला फरक शिकवायचा राहून जातो.

आणखी एक मत, जे अनेकांना पटणार नाही. सर्वसाधारण ‘रुग्णालय व्यवस्थापन’ या नावापेक्षा एखाद्या नेमक्या कामाचं छोटं प्रमाणपत्र पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं. मध्यम आकाराच्या रुग्णालयाला ‘मॅनेजर’ एकच लागतो, पण एनएबीएचची फाइल लावणारा, संसर्ग नियंत्रण सांभाळणारा, मेडिको-लीगल प्रकरणं हाताळणारा, विम्याचे नाकारलेले क्लेम परत उभे करणारा माणूस कायम हवा असतो आणि सहजी मिळत नाही. एनएबीएच स्वतः मानकांच्या अंमलबजावणीची प्रशिक्षणं घेतं. मानांकित रुग्णालयांचा काहो नावाचा संघ गुणवत्तेच्या अंमलबजावणीचा प्रमाणित अभ्यासक्रम चालवतो. सिंबायोसिसची मेडिको-लीगल विषयातली पदविका डॉक्टरांमध्ये चांगलीच परिचित आहे. बीएचएमएस झालेल्या आरएमओने मेडिको-लीगल घ्यावं, सिस्टरने संसर्ग नियंत्रण किंवा गुणवत्ता घ्यावी, टीपीए डेस्कवरच्या मुलीने आरोग्य विमा घ्यावा. आधीच येणाऱ्या कामाच्या शेजारचं काम शिकलं की वरची जागा लवकर मिळते. बिलिंगमधल्या बी.कॉम. मुलाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याला रुग्णालयाची भाषा येते, पण वैद्यकीय पदवी नसल्याने दारं लवकर बंद होतात. त्याने छोट्या प्रमाणपत्रांत वर्षं घालवण्यापेक्षा मान्यताप्राप्त एमबीएकडेच जावं.

परदेशातल्या मराठी घरांमध्येही हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. नवऱ्याच्या एच-वन व्हिसामुळे अमेरिकेला गेलेली दंतवैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर असते. तिला शिकता येतं, पण वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. तिच्यासमोर ‘ग्रॅज्युएट सर्टिफिकेट इन हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशन’ येतं. अमेरिकेत हे साधारण चार ते सहा विषयांचं, १२ ते १८ क्रेडिटांचं असतं आणि अनेक विद्यापीठांत ते पुढच्या मास्टर्समध्ये धरलं जातं. तिथल्या कामाची भाषा, मेडिकेअर आणि मेडिकेडचे हिशेब समजून घ्यायला ते चांगलं आहे. मात्र केमी ही तिथली मानांकन संस्था पदव्या तपासते, सुटी प्रमाणपत्रं नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ हेल्थकेअर एक्झिक्युटिव्हजची फेलोशिप मास्टर्स किंवा तत्सम उच्च पदवीशिवाय मिळत नाही. नर्सिंग होम चालवायचं तर राज्याचा परवाना आणि त्याची परीक्षा वेगळी. जाहिरातींत आरोग्य व्यवस्थापकाचा मध्यम वार्षिक पगार सव्वा लाख डॉलरच्या आसपास म्हणून छापलेला असतो. अमेरिकी कामगार सांख्यिकी खात्याचा २०२४चा आकडा १ लाख १७ हजार ९६० डॉलर आहे, आणि त्यात वीस-वीस वर्षांचा अनुभव असलेले लोकही येतात. पहिल्या नोकरीच्या पगाराशी त्याचा संबंध जोडू नये. ऑस्ट्रेलियात मात्र ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला राष्ट्रीय पात्रता आराखड्यात आठव्या स्तराचं निश्चित स्थान आहे. पूर्णवेळ केलं तर ते साधारण अर्ध्या वर्षाचं असतं, आणि तिथून मास्टर्सची वाट बरीच सरळ असते.

शेवटी सरकारी रुग्णालयांबद्दल लिहायलाच हवं, कारण राज्यातल्या गरीब रुग्णांचा मोठा भार तीच उचलतात. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक ही प्रशासनाची पदं आहेत, आणि तिथवर डॉक्टर बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेने पोचतो. काल सिझेरियन करणारा माणूस आज औषधांची खरेदी, वाहनांचा डिझेल-हिशेब, कंत्राटी कामगारांची हजेरी, विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं आणि इमारतीची वायरिंग या सगळ्याला जबाबदार ठरतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. या दोन्ही ठिकाणी जे घडलं, ते औषधोपचाराच्या चुकीने घडलं नव्हतं. विजेचा भार कोण तपासतो, ऑक्सिजनचा दाब कमी झाला तर पहिला फोन कोणाला जातो, रात्री त्या मजल्यावर किती माणसं असतात, हे ठरवणं म्हणजेच प्रशासन.

मग अधीक्षकाने खुर्चीत बसण्याआधी निदान तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलंच पाहिजे असा नियम का असू नये? त्यात अग्निसुरक्षा आणि वैद्यकीय वायू असावेत, भांडार आणि खरेदी असावी, राष्ट्रीय गुणवत्ता मानकं असावीत, आणि ते एखाद्या चांगल्या चाललेल्या जिल्हा रुग्णालयात राहून पुरं करावं. शिकवणारी माणसं राज्यात आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना महाविद्यालयात आहेत, टिसमध्ये आहेत, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांत आहेत. खासगी रुग्णालयातला आरएमओ स्वतःच्या पगारातून लाखभर रुपये काढून हे शिकतो. शंभर खाटांच्या सरकारी रुग्णालयाचा ताबा घेणाऱ्या डॉक्टरला ते सरकारी खर्चाने, भरपगारी, रुजू होण्याआधी मिळायला हवं.